विज्ञानसंशोधन आणि आपल्या समाजाच्या लेकी

(समाजाच्या वार्षिक संमेलनात तिरोडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या व्यासपीठावर पाचारण केले, याबद्दल आम्ही मंडळाचे मनःपूर्वक ऋणी आहोत. अशा प्रसंगी समाजाचा पूर्वेतिहास, हुंड्याची चाल, लग्नकार्यातील उधळपट्टी, तरुणांतील व्यसने इत्यादी विषयांवर चार शब्द बोलावेत असा प्रघात आहे, आणि तो योग्यही आहे. परंतु आम्ही उभा जन्म शाळेत विज्ञान शिकविण्यात घालविला. तेव्हा ज्या विषयाने आम्हांस अन्न दिले त्याच विषयावर बोलावे, असे आम्ही ठरविले आहे. आजच्या व्याख्यानात डास आहेत, बाळंतपण आहे आणि सोनेही आहे. ही तीन एकत्र कशी आली, असा प्रश्न आपणांस पडेल. तो पडावा अशीच आमची इच्छा आहे.

प्रथम घरातील एक जुनी गोष्ट सांगतो. १९७६ सालच्या भाद्रपदात आमची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातवा महिना लागला होता. रोवणी आटोपली होती, बांधीबांधीत पाणी साचले होते. तिला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येऊ लागला. घरच्या मंडळींनी तिजारीचा ताप म्हणून कडुनिंबाचा काढा दिला, उतारा टाकला, आणि ‘दोन जिवांची बाई, तिला काय औषध द्यावयाचे’ म्हणून थांबले. तिचा चेहरा दिवसेंदिवस पांढराफटक पडत गेला. अखेर बैलगाडीतून तिला स्टेशनापर्यंत नेले, परंतु आगगाडी येण्यापूर्वीच सारे संपले. आई व बाळ दोन्ही गेली. त्या वर्षी हिंदुस्थानात हिवतापाचे चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, असे आम्ही पुढे वाचले. त्या आकड्यात आमच्या बहिणीची गणना झाली असेल असे आम्हांस वाटत नाही. तिचा ताप कोणी तपासलाच नव्हता.

आता दुसरी गोष्ट, गेल्या वर्षीच्या श्रावणातील. आमच्या सूनबाईंस पाचवा महिना होता आणि त्यांनाही थंडी वाजून ताप भरला. निरोप जाताच गावच्या आशाताई आल्या. त्यांनी पिशवीतून एक चपटी पट्टी काढली, बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब तीवर ठेवला, दुसऱ्या तोंडाशी द्रवाचे थेंब सोडले आणि घड्याळ पाहत त्या ओसरीवर बसून राहिल्या. पाऊण तासही लोटला नसेल, त्या पट्टीवर एक सोडून दोन तांबड्या रेघा उमटल्या. ‘मलेरिया आहे,’ त्या म्हणाल्या, आणि लागलीच त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात दूरध्वनी केला. त्याच दिवशी डॉक्टरांनी क्लोरोक्विनच्या गोळ्या सुरू केल्या. या तापावर एरवी दिले जाणारे प्रायमाक्विन हे औषध गरोदरपणी वर्ज्य असते, तेही आशाताईंना ठाऊक होते. सूनबाई पौषात सुखरूप बाळंत झाल्या. नातू आता रांगू लागला आहे.

या आशाताई सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याच वर्गात विद्यार्थिनी होत्या. त्या दिवशी पट्टी कागदात गुंडाळता गुंडाळता त्यांनी आम्हांस विचारले, ‘सर, ही रेघ लालच काहून येते जी? रक्ताची तं नसावी. लघवीच्या तपासणीतबी अशीच लाल येते.’

सभ्य गृहस्थहो, आम्हांस उत्तर देता आले नाही. रक्ताची लाली असेल असे आम्ही आजवर गृहीत धरून चाललो होतो. गरोदरपणाच्या तपासणीत रक्त नसतेच, तरी तेथेही रेघ तांबडीच उमटते, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. ती त्यांच्या ध्यानात आली होती.

आणि त्याच क्षणी आम्हांस त्यांचा शाळेतील एक प्रश्न आठवला. वर्गात आम्ही मोरचुदाचे निळे खडे परीक्षानळीत तापवून दाखवीत होतो. खडे पांढरे पडले. सर्व वर्गाने ‘पाणी गेले’ असे वहीत लिहून घेतले. ही मुलगी मात्र उभी राहिली आणि म्हणाली, ‘पाणी गेले, पण निळा रंग कोठे गेला? पाणी तर निळे नव्हते.’ तोही प्रश्न आम्ही परीक्षेत येत नाही म्हणून टाळला. बारावीनंतर तिचे वडील आमच्याकडे सल्ला विचारण्यास आले. मुलगी नागपूरला राहून भौतिकशास्त्र शिकावयाचे म्हणते, पाठवावी काय? आम्ही सांगितले, ‘मुलीची जात, एवढा खर्च, एवढे दूर. चांगले स्थळ आले तर पाहा.’ तो सल्ला त्यांनी मानला. शिक्षकाचा शब्द खेड्यात मानला जातो, हीच आमची शिक्षा.

आजचे आमचे व्याख्यान म्हणजे त्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उशिरा दिलेले उत्तर होय. ते शोधण्यासाठी आम्हांस तीन शास्त्रांच्या दारांशी जावे लागले, आणि तिन्ही ठिकाणी आघाडीवर काम करणाऱ्या स्त्रिया आढळल्या.

पहिले दार डासांचे. डास चावल्याने हिवताप होतो ही गोष्ट आज लहान मूलही जाणते. परंतु तिचा शोध २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी लावला, तोवर जगाला ती ठाऊक नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला, घरोघर डीडीटीची फवारणी झाली, आणि स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी मानली जाणारी रुग्णसंख्या १९६५च्या सुमारास लाखभरावर आली. रोग संपला असे वाटू लागले. मग तो उलटला. त्या उलटलेल्या लाटेने आमच्या घरातील दोन जीव नेले.

लाट उलटण्याची कारणे अनेक होती. फवारणीत ढिलाई आली, औषधांचा तुटवडा पडला आणि डीडीटीने न मरणारे डास वाढले. परंतु एक कारण असे की, ज्या शत्रूशी आपण लढत होतो त्याची ओळखच आपणांस पुरती नव्हती. आपल्या ग्रामीण भागात हिवताप पसरविणाऱ्या मुख्य डासाला शास्त्रात ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज म्हणतात. नुकत्याच रोवलेल्या धानाच्या बांधीतील उथळ, उन्हाळलेले पाणी, नदीपात्रातील डबकी, बोड्यांचे काठ ही त्याची वाढण्याची ठिकाणे. म्हणजे आपल्या तिरोड्याच्या पंचक्रोशीत त्याला जागेची वाण नाही. हा डास एकच आहे असे सर्वजण समजत. १९८०च्या सुमारास संशोधकांच्या लक्षात आले की बाहेरून हुबेहूब सारखे दिसणारे हे डास वस्तुतः वेगवेगळ्या जातींचे आहेत. ‘जाती’ हा शब्द येथे शास्त्रीय अर्थाने घ्यावा, मंडळींनी हसू नये. एकाच गोठ्याच्या भिंतीवर शेजारी शेजारी बसूनही त्यांच्यात परस्पर संकर होत नाही.

दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रात डॉ. सरला सुब्बाराव व त्यांचे सहकारी यांनी या कोड्यावर वर्षानुवर्षे काम केले. डासाच्या पेशीत गुणसूत्रांच्या अवघ्या तीन जोड्या असतात. रक्त पिऊन अंडी अर्धवट तयार झालेली मादी पकडावयाची, तिच्या अंडाशयातील पोषकपेशी काढावयाच्या, त्या रंगवून काचेखाली चेपावयाच्या आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे. या पेशींतील गुणसूत्रे विलक्षण जाड असतात आणि त्यांवर लुगड्याच्या काठासारखे आडवे पट्टे दिसतात. कोठे पट्ट्यांचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. त्या उलट्या तुकड्यांवरून बहुतेक जाती ओळखता आल्या. ‘अ’ आणि ‘ब’ या जाती आधी कळल्या, मग ‘क’, मग ‘ड’, आणि १९९९ साली रामेश्वरम् बेटावरील डासांत ‘इ’. यांपैकी ‘ब’ जातीचे डास हिवताप फारसा पसरवीत नाहीत, इतर जाती पसरवितात. कीटकनाशकाला दाद न देण्याची शक्तीही सर्वांत सारखी नसते. म्हणजे एखाद्या गावात डास किती आहेत हे मोजून भागत नाही, ते कोणते आहेत हे पाहावे लागते. हे ज्ञान कोणत्याही फवारणीयंत्रातून मिळाले नसते. ते सूक्ष्मदर्शकाशी मान मोडून बसल्याने मिळाले. डॉ. सुब्बाराव पुढे त्या केंद्राच्या संचालकही झाल्या.

महाराष्ट्राचाही या शास्त्रात वाटा आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत, डॉ. के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली एडिस डासाच्या अळ्यांपासून अशा पेशी तयार केल्या, की त्या काचपात्रात पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिल्या. त्यांच्याच वंशातील एक शाखा आज जगभरच्या प्रयोगशाळांत डेंग्यूचा विषाणू वाढविण्यासाठी वापरतात. जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे २०१७ साली जनुक बदललेल्या एडिस डासांची पिंजऱ्यातील चाचणी सुरू झाली. नर डासात असे जनुक घातले होते की त्याची संतती वाढण्यापूर्वीच मरावी. पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने २०२२ साली वोलबाकिया नावाचा जीवाणू बाळगणारे डास तयार केल्याचे जाहीर केले. अशा डासांत डेंग्यूचा विषाणू नीट वाढू शकत नाही. अमेरिकेत २०१५ साली ॲनॉफिलीस स्टिफेन्सी या आपल्या शहरी डासात हिवतापविरोधी जनुके बसविण्यात आली. ती जवळजवळ सर्व संततीत उतरतात असे प्रयोगशाळेत दिसून आले. असे डास मोकळे सोडावेत की नाही, यावर जगभर वाद आहे, आणि तो असावाही. परंतु त्या वादात ‘आमच्या बांधीत काय सोडता?’ असे विचारणारा मनुष्य आपल्यातील असावयाचा तर त्याला गुणसूत्र म्हणजे काय हे कळले पाहिजे.

दुसरे दार स्त्रीच्या आरोग्याचे. वडीलधाऱ्यांसमोर या विषयावर बोलताना आम्हांसही संकोच वाटतो. परंतु याच संकोचाने आमची बहीण गेली, म्हणून आज तो दूर ठेवतो.

आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी आपले कार्य मांडले, हे आपणां सर्वांस ऐकून माहीत आहे. डॉ. राणी बंग या स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत केवळ आठ होत्या. अंगावरून जाणे, ओटीपोटातील दुखणे, पाळीच्या तक्रारी ही बाईच्या जन्माची ठेवच आहे असे समजून त्या बाया धानाच्या बांधीत कंबर वाकवून उभ्या होत्या. तोवर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच हिशेब सरकारदरबारी धरला जात असे. हा हिशेब अपुरा आहे, हे त्या तपासणीने आकड्यांनिशी दाखविले. पुढे १९९४ साली कैरो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या परिषदेत स्त्रीच्या प्रजनन-आरोग्याचा व्यापक विचार मान्य झाला.

त्याच गडचिरोलीत गावातील साध्या, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले गेले. जेथे हे काम झाले त्या ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, शेकडा बासष्टांनी घटले, असा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या गावची आशाताई आज बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, त्यामागे हे संशोधन उभे आहे. संशोधन म्हणजे केवळ परदेशी यंत्रे नव्हेत, झाडीपट्टीतील झोपडीतही ते होऊ शकते, हे येथे ध्यानी घ्यावे.

मुंबईत परळ येथे प्रजननविषयक संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९७० पासून आहे. त्या संस्थेच्या व के.ई.एम. रुग्णालयाच्या सहकार्याने डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी शरीराबाहेर फलन घडवून जन्माला आणलेली मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मली. त्यापूर्वी १९७८ साली कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी असाच प्रयोग केला होता. परंतु त्यांच्या हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, ही आपल्या देशाच्या इतिहासातील खेदाची गोष्ट आहे. या शास्त्राने आणखी एक सत्य निर्विवाद केले आहे. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते, कित्येकदा असतेच. मूल नाही म्हणून सुनेला माहेरी धाडून दुसरे लग्न लावण्याची बैठक ज्या ओसऱ्यांवर झाली, त्या ओसऱ्या आपल्याच समाजातील होत्या. त्या बैठकांत आम्हीही गप्प बसलो आहोत.

आता डास आणि गर्भवती यांचा संबंध पाहा. हिवतापाचा एक प्रकार असा आहे की त्याचा परोपजीवी वारेत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या नाळेच्या मुळाशी, ठाण मांडून बसतो. बोटातील रक्तात तो थोडाच सापडतो, आणि आत मात्र बाळाचे अन्न तोडीत असतो. आईचे रक्त आटते, बाळाचे वजन वाढत नाही, कधी दोघेही दगावतात. पहिलटकरणीला हा धोका विशेष, कारण या लपून बसणाऱ्या शत्रूशी झगडण्याची शक्ती तिच्या शरीराने अद्याप कमावलेली नसते. आमच्या बहिणीला तिजारी होती की हा प्रकार होता, हे आता कोणी सांगू शकणार नाही. परंतु ‘दोन जिवांची बाई, तिला औषध देऊ नये’ हा विचार नेमका उलटा होता, हे मात्र निश्चित आहे.

तिसरे दार पदार्थांच्या भौतिकशास्त्राचे. लोखंड कठीण का, काच पारदर्शक का, तांब्यातून वीज का वाहते, असे प्रश्न हे शास्त्र विचारते. आपल्या तिरोड्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आपण रोज पाहतो. त्याच्या पाचही संचांची मिळून क्षमता ३,३०० मेगावॅट आहे. बाष्पकातील प्रचंड दाबाची आणि उष्णतेची वाफ ज्या नळ्या सहन करतात, त्या नळ्यांचे पोलाद कोणते असावे, हा याच शास्त्राचा प्रश्न. आपले पुत्र त्या केंद्रात नोकरीस लागावेत असे आपण म्हणतो. त्या पोलादाचा अभ्यास करावा असे आपण म्हणत नाही.

पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी अतिसूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्राचे फार मोठे काम उभे केले. पुढे त्या पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही कार्यरत होत्या. हे कण किती सूक्ष्म? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पट्टीवरील रेघेत असणारे कण सुमारे तीस नॅनोमीटरांचे धरले, तर सहा मिलिमीटर लांबीच्या एका तांदळाच्या दाण्याला लागून असे दोन लाख कण एका ओळीत मांडता येतील.

या जगातील नियम आपल्या ओळखीचे नाहीत. जस्त आणि गंधक यांच्या संयुगाचे सूक्ष्म कण अतिनील किरणांखाली निळसर प्रकाश देतात. त्यात किंचित मँगेनीज मिसळले की तोच प्रकाश नारिंगी होतो. मँगेनीजचे प्रमाण किती असता प्रकाश कसा बदलतो, यावर डॉ. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झाले. मँगेनीज हे नाव आम्हां झाडीपट्टीतील लोकांना नवे नाही. शेजारच्या तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून ते निघते. डोंगरीचे खनिज विजेरीच्या सेलांतही वापरले जाते. आपल्या किती पिढ्यांनी ते खनिज टोपल्यांत भरून डोक्यावर वाहिले. त्याच्या चिमटीत प्रकाशाचा रंग बदलण्याची शक्ती आहे, हे आपल्यांपैकी कोणाला ठाऊक होते?

आता सोन्याकडे येतो, म्हणजे आशाताईंच्या प्रश्नाकडे. सोने पिवळे असते हे सांगणे न लगे. परंतु सोन्याचे इतके बारीक कण केले की ते पाण्यात तरंगत राहावेत, तर ते पाणी माणकासारखे तांबडे दिसते. विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८५७ साली या तांबड्या सोन्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण असे की धातूत मोकळे विद्युत्‌कण असतात. कण एवढा लहान झाला की प्रकाशाची लाट येताच ते सारे एका तालावर हेलकावू लागतात आणि हिरवा प्रकाश शोषून घेतात. हिरवा गेला की डोळ्याला उरतो तो तांबडा. डॉ. कुलकर्णी यांच्या प्रयोगशाळेत वाळूच्याच द्रव्याच्या सूक्ष्म गोळ्यांवर सोन्याचे कवच चढवून, कवचाची जाडी बदलली असता रंग कसा बदलतो, याचाही अभ्यास झाला.

पट्टीत असे तांबडे सुवर्णकण आधीच सुकवून ठेवलेले असतात. त्यांना चिकटविलेली प्रतिद्रव्ये रक्तातील हिवतापाच्या परोपजीवीचे प्रथिन पकडतात. द्रव कागदातून पुढे सरकतो, आणि जेथे दुसरी प्रतिद्रव्ये पहारा देत बसलेली असतात तेथे ते प्रथिन सुवर्णकणांसह अडकते. असे असंख्य कण एका ओळीत अडकले की रेघ दिसते. गरोदरपणाच्या पट्टीत पकडावयाचे द्रव्य वेगळे, वारेच्या पेशींतून स्रवणारे एक संप्रेरक. परंतु अशा बहुतेक पट्ट्यांत रंग देणारे सोने तेच. म्हणून दोन्हीकडे रेघ तांबडी.

बंधुभगिनींनो, डासाने आणलेला रोग, स्त्रीच्या उदरातील जीव आणि धातूच्या कणाचा रंग ही तीन शास्त्रे विद्यापीठात तीन इमारतींत बसतात. परंतु आपल्या गावच्या आशाताईंच्या पिशवीत ती एका पट्टीवर भेटतात. तीनही इमारतींत कोणी तरी, कधी तरी, परीक्षेत न येणारा प्रश्न विचारला म्हणून ती पट्टी झाली. आमच्या सूनबाईंच्या बोटातील रक्ताच्या थेंबाला उत्तर देणारे सोने कोणाच्याही गळ्यात नव्हते. त्याचे मोल मात्र आमच्या घराने दोन जिवांनी मोजले आहे.

आता समाजाच्या कर्तव्याविषयी थोडेसे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र देतो. टाळ्यांचा गजर होतो, छायाचित्र स्मरणिकेत छापले जाते. पुढच्या वर्षी ती मुले काय करतात हे कोणी विचारीत नाही. आम्ही गेल्या काही वर्षांच्या स्मरणिका काढून पाहिल्या. दहावी-बारावीच्या सत्कारार्थींत मुलींची नावे मुलांपेक्षा कमी नाहीत. परंतु विज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांच्या यादीत त्याच मुलींची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात. बुद्धी दोन-चार वर्षांत आटत नाही. आटते ती घरची तयारी.

खर्चाचा प्रश्न कोणी काढील. तो खरा आहे, परंतु वाटतो तेवढा मोठा नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरच्या गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्याला संशोधनासाठी दरमहा वृत्ती मिळते. पोटाचा प्रश्न तेथे पुष्कळ अंशी सुटतो. अवघड जागा आहे ती त्याआधीची, पदवी झाल्यानंतरची दोन-तीन वर्षे. याच काळात घरी स्थळे येऊ लागतात, नागपूरच्या खोलीचे भाडे डोळ्यांत सलू लागते, आणि आमच्यासारखा एखादा शिक्षक ‘पुरे झाले’ असा सल्ला देतो. समाजाने हात द्यावयाचा तो नेमका याच जागी.

म्हणून आमची कार्यकारी मंडळास तीन गोष्टींची नम्र विनंती आहे. एक, सत्कारावर होणारा खर्च निम्मा करून त्यातून दरवर्षी निदान एका मुलीचा विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षणाचा भार समाजाने उचलावा. दोन, नागपुरात आपल्या ज्या बांधवांची घरे आहेत त्यांनी पाळीपाळीने अशा मुलींच्या राहण्याची सोय करावी. नवी इमारत उभी राहण्याची वाट पाहू नये. तीन, मुलीच्या बापाने सल्ला विचारला असता ‘नाही’ म्हणण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने त्या मुलीस एकदा तरी विचारावे, की तुला कोणता प्रश्न पडला आहे?

दुसऱ्यास उपदेश करून स्वतः मोकळे होण्याचा आमचा विचार नाही. दरवर्षी एक महिन्याचे आमचे निवृत्तिवेतन आम्ही या कार्यासाठी मंडळाच्या स्वाधीन करू. त्याला आमच्या दिवंगत बहिणीचे नाव द्यावे असे घरच्या मंडळींचे म्हणणे होते. परंतु ती शाळेत दोनच इयत्ता गेली होती, आणि नावापेक्षा तिला मुलगी शिकलेली अधिक आवडली असती. नाव नसावे.

आमची विद्यार्थिनी, गावची आशाताई, आज या सभागृहात मागील बाजूस बसल्या आहेत. त्यांचे नाव घेऊन त्यांना संकोचात टाकीत नाही. त्यांची मुलगी यंदा अकरावीत विज्ञान शिकत आहे. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे, मोरचुदाच्या निळ्या रंगाचे, उत्तरही आता आम्हांस थोडेफार कळले आहे. तांब्याच्या कणाभोवती पाण्याचे कण विशिष्ट रचनेत बसलेले असतात तोवरच तो प्रकाशातील तांबडा भाग शोषतो, म्हणून खडा निळा दिसतो. पाणी उडाले की ती रचना मोडते आणि रंगही जातो. रंग पाण्यात नव्हता आणि एकट्या तांब्यातही नव्हता, दोघांच्या संगतीत होता. हे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वी द्यावयाचे राहून गेले, याबद्दल आम्ही भर सभेत त्यांची क्षमा मागतो.

 समाजाच्या लेकींचे कल्याण असो.